झाडीपट्टीचं नाटक : बसायचं कुठं आणि सोबत काय न्यायचं

झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातला जंगलाचा, धानाचा पट्टा, आणि गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे तिथल्या नाटक कंपन्यांचं गाव. वडशाच्या कंपनीचं नाटक पाहायला पक्कं नाट्यगृह शोधत बसू नका. धान कापून मोकळी झालेली बांधी (बांध घातलेलं धानाचं शेत), चारी बाजूंनी कनात, वर शामियाना आणि समोर रंगमंच, एवढंच थिएटर. पण त्यात अक्कल आहे. प्रेक्षकांच्या जागेतली माती खणायची आणि तीच मंचाखाली भरायची, म्हणजे मंच उंच होतो, बसायची जागा त्याच्याकडं उतरती होते आणि पुढच्याचं डोकं आड येत नाही. काही आयोजक हा खटाटोप टाळून सपाट जमिनीवरच खुर्च्या मांडतात. तिथं मागच्यांना नटाचा फेटा तेवढा दिसतो. तिकीट काढायच्या आधी आत डोकावून उतार आहे की नाही ते बघाच.

सगळ्यात महाग तिकीट पुढच्या खुर्च्यांचं, आणि नेमकं तेच घेऊ नये. साउंडचे डब्बे मंचाच्या दोन्ही अंगाला असतात. ऑक्टोपॅड सुरू झाला की पहिल्या ओळींत छाती हादरते. शिवाय हंगामात कलावंत रोज नव्या गावात, कधी नव्या कंपनीत. तालमीला वेळ कुठला? विंगेतला प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो आणि पुढच्यांना तेच वाक्य दोनदा ऐकू येतं. उताराच्या मधोमध, जमिनीवर बसलेलं बरं. संवाद स्वच्छ येतात, गाणीही. नट स्वतः गातात, ही या रंगभूमीची खरी कमाई. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच मंचावरच्या कामासाठी.

पडद्यांकडं लक्ष ठेवा. मागं महालाचा रंगवलेला पडदा, पुढं रस्त्याचा. रस्त्याचा पडदा पडला आणि दोन विनोदी नट पुढं आले, की मागं सामान हलतंय असं समजा. ते सामान अडकलं तर विनोद लांबतो. चांगली जोडी असेल तर हाच भाग नाटकाहून सरस होतो, नसेल तर आलुबोंडा खायला उठायची वेळ झाली.

पत्रिकेवरच्या वेळेला जाऊ नका. उद्घाटक, सहउद्घाटक, सत्कार, भाषणं उरकून पडदा उघडायला दहा-अकरा वाजतात आणि भैरवी पहाटेच. मध्येच घुसवलेल्या रेकॉर्ड डान्सला, म्हणजे वाजवलेल्या गाण्यावरच्या नाचाला, वन्समोअर मिळत गेले, की शेवटचा अंक घाईत गुंडाळला जातो. रंगलेल्या कथेची वाट लावणारी ही सवय कंपन्यांनी सोडायला हवी.

हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावोगावच्या जत्रेपासून) होळीच्या आसपासपर्यंत. शंकरपट (बैलांची शर्यत) असलेल्या गावात दिवसा पट, रात्री नाटक; गर्दी दुप्पट, जागा लवकर धरा. डिसेंबर-जानेवारीत बांधीची ओल खालून चढते. नुसती चादर भिजते. आधी तनस (धानाचा पेंढा), त्यावर ताडपत्री, मग चादर, आणि अंगावर ब्लँकेट वेगळं. जनरेटर ज्या बाजूला असेल ती बाजू सोडा, रात्रभर धूर खावा लागतो.

खरी उणीव शौचालयाची. बहुतेक मंडपांत सोय नसते आणि बायकांचे हाल होतात. तिकिटाचे पैसे घेणाऱ्या मंडळाने कनातीचा एक आडोसा तरी उभारावा. बाहेर पडायची वाटही बरेचदा एकच असते, म्हणून लेकरं सोबत असतील तर दाराजवळच्या अंगाला बसा.

रेल्वेने येणाऱ्यांना गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं वडसा स्टेशन सोयीचं. पुढं गावात जायला रात्री एसटी मिळेल या भरवशावर राहू नका. ब्रह्मपुरीकडच्या जंगलाच्या रस्त्यांवर वाघाचा वावर आहे. नाटक सुटलं तरी अंधारात दुचाकी काढू नका. मंडपातच थांबा, चहा घ्या आणि चांगलं उजाडल्यावर चार गाड्यांच्या सोबतीनं निघा.