स्टिकर ४.४९ चं, आत भलतेच छर्रे

दहा मीटर एअर रायफल मारणाऱ्या मुलांच्या पालकांनो, मॅच पेलेट्स (स्पर्धेचे शिशाचे छर्रे) व्हॉट्सॲप ग्रुपवरून मागवणार असाल तर जरा थांबा.

डब्यावर कॅलिबर ४.५ मिमी असतंच, पण खरी निवड छर्र्याच्या डोक्याच्या मापाची: ४.४९, ४.५०, ४.५१. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. कुठल्या बॅरलला काय मानवेल हे कागदावरून कळत नाही. रायफल व्हाइसमध्ये आवळून वेगवेगळे लॉट, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपा, मारून बघावे लागतात. लेकीच्या रायफलला ४.४९ चा एक लॉट असा बसला की पाच शॉट्सचं मिळून एकच भोक पडायचं. टार्गेटवरचा दहाचा ठिपकाच अर्ध्या मिलिमीटरचा, तेव्हा हे काही चोचले नव्हेत.

दुकानातला तो लॉट संपला आणि एका विक्रेत्याने ग्रुपवर नेमका तोच टाकला, बाजारभावापेक्षा बराच स्वस्त. ‘ताई, स्पर्धा तोंडावर आलीय, थोडेच डबे उरलेत.’ डबे आले. पाचशेचे, टेप लावलेले, मापाचं स्टिकर जागच्या जागी.

सरावात शॉट्स नऊच्या घरात जायला लागले. सर म्हणाले, ट्रिगर झटक्याने ओढतेय. पोरगी रडकुंडीला आली. पैशापेक्षा मला याचाच संताप जास्त येतो: भेसळ डब्यात आणि बोल तिच्या हाताला! शेवटी रायफल व्हाइसमध्ये लावली, तरी तेच.

मग सराफाच्या काट्यावर छर्रे तोलले. रायफलचे मॅच पेलेट्स साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात; इथे एक ०.५०, दुसरा ०.५५. शिरोली एमआयडीसीतल्या ओळखीच्या टूलरूममध्ये मायक्रोमीटर लावला (हलक्या हाताने, शिसं लगेच दबतं), तर डोकी ४.४७ पासून ४.५२ पर्यंत. काहींच्या स्कर्टची, म्हणजे मागच्या पसरट भागाची, कड चेपलेली. स्टिकर नखाने सोलल्यावर खाली दुसरं स्टिकर, ४.५१ चं. रिकामे डबे गोळा करून त्यांत सरावाचे स्वस्त छर्रे भरले होते.

विक्रेत्याचं उत्तर: ‘बॅरल घाण असेल मॅडम, साफ करून घ्या.’ फोटो पाठवले तर ‘उघडलेला डबा परत घेत नाही.’ नंतर ब्लॉक. पावती मागितली होती तेव्हा ‘पुढच्या पार्सलमध्ये देतो’ म्हणाला होता.

आता पुण्याच्या एका ग्रुपवर तोच फोटो, तोच लॉट नंबर फिरतोय. फोन नंबर तेवढा नवा आहे.