नऊ क्रमांकाची जर्सी आणि नावातली जादा अक्षरे

लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघाने 2019 च्या हंगामात पंधराच्या पंधरा सामने जिंकले आणि 13 जानेवारी 2020 रोजी न्यू ऑर्लिन्स येथे क्लेमसनला 42-25 असे हरवून अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलचे अजिंक्यपद मिळवले. त्या हंगामात साठ टचडाउन पास (प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू पोहोचवून गुण मिळवून देणारे पास) देणारा त्या संघाचा क्वार्टरबॅक जो बरो याच्या जर्सीची प्रतिकृती मी नौपाड्यातील एका छोट्या दुकानातून शिवून आणि छापून घेतली.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाविरुद्धच्या निरोपाच्या घरच्या सामन्याच्या वेळी बरोने पाठीवरील आपल्या आडनावाचे स्पेलिंग मुद्दाम लुइझियानातील फ्रेंच वळणाचे करून घेतले होते, Burrow ऐवजी Burreaux, म्हणजे शेवटच्या ‘ओ’साठी तब्बल चार अक्षरे. मला तेच हवे होते. काउंटरवरील काकांनी ‘स्पेलिंग चुकलंय, नंतर बदलून मिळणार नाही’ असे दोनदा बजावले, कागदावर माझी सही घेतली आणि मगच छपाईला दिले. ही काळजी मला फार आवडली.

पांढऱ्या कापडावरील जांभळा नऊचा आकडा आणि त्याची सोनेरी किनार सुबक उतरली असून सहा धुण्यांनंतरही छपाईला तडा गेलेला नाही. कापड मात्र जाड आहे. मे महिन्यात ठाणे स्थानकाच्या पुलावरून चालताना ते अंगाला चिकटते. शिवाय मूळ जर्सी खेळाडूच्या खांद्यांवरील संरक्षक पॅडवर चढवायची असल्याने तिच्या मापावरून बेतलेले खांदे पॅडशिवाय आपल्या अंगावर ओघळतात, तेव्हा एक माप लहानच सांगावे.