मॅग्नेशियमच्या गोळ्या: पुढचा आकडा, मागचा आकडा आणि ज्वारीची भाकरी

यावेळी मागवलेल्या मॅग्नेशियम ग्लायसिनेटच्या बाटलीवर समोर ठळक अक्षरांत '२००० मिग्रॅ' छापून आलं. आधीच्या बाटल्यांवर १००० असायचं. साठ गोळ्यांची किंमतही ७२० वरून ८९० झालेली. वाटलं, ताकद दुप्पट केली असेल, तर भाव वाढणारच. बाटली फिरवून मागचा तक्ता वाचला, तर गोळी तीच. 'एका वेळची मात्रा: २ गोळ्या' एवढं एकच वाक्य बदललं होतं. एका गोळीतलं मॅग्नेशियम पूर्वीइतकंच, १४० मिग्रॅ. बारा रुपयांची गोळी जवळजवळ पंधराला पडायला लागली आणि वर दुप्पट दिल्याचा देखावा. मी सगळी नोकरी बँकेत काढली. हिशेबातली अशी लबाडी मला पाहवत नाही, म्हणून या गोळीचं हे परीक्षण सविस्तर लिहिते आहे.

ग्लायसिनेट म्हणजे ग्लायसिन या अमिनो आम्लाशी जोडलेलं मॅग्नेशियम. पण समोरचा आकडा कशाचा, ते फार कमी जण बघतात. तो असतो सगळ्या संयुगाच्या वजनाचा, म्हणजे मॅग्नेशियम अधिक त्याला जोडलेलं ग्लायसिन. शुद्ध ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियम साधारण १४ टक्के; गोळ्यांत वापरल्या जाणाऱ्या त्याच्या दुसऱ्या संयुगांपैकी सायट्रेटमध्ये १६ टक्के, ऑक्साइडमध्ये ६० टक्के. म्हणून १००० मिग्रॅ ग्लायसिनेटमधून १४० मिग्रॅ मिळणं अगदी बरोबर आहे, त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती दोन बाटल्यांची तुलना समोरच्या आकड्यावरून केली की. ५०० मिग्रॅ ऑक्साइड लिहिलेल्या गोळीत ३०० मिग्रॅ मॅग्नेशियम असतं, पण ते अंगी फार कमी लागतं. उरलेलं आतड्यात पाणी ओढून धरतं आणि पोट ढिलं करतं. मी सुरुवातीला स्वस्त म्हणून औषधाच्या दुकानातून ऑक्साइडच आणलं होतं. त्या आठवड्यात घराबाहेर पडायची सोय राहिली नाही. ग्लायसिनेटने तसा त्रास एकदाही झाला नाही, हे त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मागच्या तक्त्यात 'आरडीए टक्के', म्हणजे रोजच्या शिफारस केलेल्या गरजेच्या किती टक्के, असा रकाना असतो. तो बघा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ४४० मिग्रॅ आणि स्त्रीला ३७० मिग्रॅ मॅग्नेशियम लागतं. १४० मिग्रॅची गोळी म्हणजे माझ्या गरजेच्या ३८ टक्के. समोर १००० लिहा नाहीतर २०००, हे ३८ काही हलत नाही. फक्त ते टक्के एका गोळीचे की दोन गोळ्यांचे, एवढं तपासून घ्यायचं.

माझा भाऊ विदर्भात कापूस करतो. कापसावर लाल्या आला की तो मॅग्नेशियम सल्फेट फवारतो. पानाच्या हिरव्या रंगाच्या, म्हणजे हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. जमिनीतून ते कमी मिळालं की झाड खालच्या जुन्या पानांतलं काढून वरच्या कोवळ्या पानांना देतं. म्हणून शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग आधी पिवळा, मग लाल पडत जातो. दिवाळीत त्याच्याकडे गेले तेव्हा गोठ्यात त्या खताची पिशवी पडली होती. तिच्यावर मॅग्नेशियम किती ते टक्क्यांत छापलेलं होतं, साडेनऊच्या आसपास. कापसाच्या खतावर मूळ, म्हणजे निव्वळ मॅग्नेशियम छापता येतं आणि माणसाच्या गोळीवर ते मागच्या बाजूला, भिंगाने वाचावं लागेल एवढं बारीक! त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

विकणाऱ्यांना मी लिहिलं. उत्तर आलं की 'नवीन सुधारित ताकद' आहे. मी दोन्ही बाटल्यांच्या मागच्या तक्त्यांचे फोटो पाठवले, तर तेच उत्तर पुन्हा, शब्दही तेच. फोनवरच्या मुलीला मी समजावलं की बाळा, तुझ्यावर राग नाही, पण एका गोळीत किती ते सांग. तिच्याकडेही समोरच्या बाजूचाच फोटो होता. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर पैसे परत आले. पण विक्रीच्या पानावर मागच्या तक्त्याचा फोटो टाका ही माझी मागणी अजून पुरी झालेली नाही, आणि मला पैशांपेक्षा तीच हवी होती.

आता गुणाबद्दल. रात्री पोटरीत गोळे येऊन मी जागी होत असे, त्यासाठी ही गोळी सुरू केली. पहिल्या बाटलीत झोप जरा शांत लागतेय असं वाटलं आणि मी दोघी जावांना शिफारसही केली. पण गोळे येतच राहिले. ते कमी झाले ते झोपण्याआधी पोटऱ्या ताणायचा व्यायाम सुरू केल्यावर, आणि मध्यंतरी प्रवासात गोळ्या बंद होत्या तेव्हाही ते वाढले नाहीत. नंतर वाचलं की अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्याचा निष्कर्षही हाच आहे: उतारवयातल्या पेटक्यांना मॅग्नेशियमने फारसा उपयोग होण्याची शक्यता कमी. तेव्हा पेटक्यांसाठी म्हणून कुणी घेणार असाल, तर माझं मत आता 'नको' असं आहे.

एवढ्यावर मी एकच तारा देऊन थांबले असते. पण मध्ये आमच्या ह्यांचं प्रकरण झालं. ह्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे आणि आम्लपित्तासाठी पँटोप्राझोल कित्येक वर्षं, कुणी बंद करा म्हटलं नाही म्हणून चालूच. अशक्तपणा, बोटं फडफडणं, छातीत धडधड. तपासणीत पोटॅशियम कमी आलं. त्याचं औषध दिलं तरी ते वर येईना. मग डॉक्टरांनी मॅग्नेशियम तपासलं, तर १.३. साधारण १.७ च्या वर हवं असतं. मॅग्नेशियम कमी असलं की मूत्रपिंडं पोटॅशियम धरून ठेवू शकत नाहीत, लघवीवाटे सोडत राहतात. त्यामुळे आधी मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय पोटॅशियम भरत नाही. आम्लपित्ताच्या या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर मॅग्नेशियम घसरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच दिलेला आहे. आमच्या डॉक्टरांनी पँटोप्राझोल उतरवत बंद केलं आणि मॅग्नेशियम सुरू केलं. महिन्याभरात ह्यांच्या चेहऱ्यावर फरक दिसला, पोटॅशियमही जागेवर आलं. मला जी गोळी कामाची नव्हती, तीच ह्यांना अत्यंत गरजेची होती. तेव्हा तारे किती द्यायचे हे घेणारा कोण त्यावर ठरेल.

माझंही रक्त तपासून घेतलं. २.० आलं, म्हणजे उत्तम. पण डॉक्टरांनी लगेच सांगितलं की शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, निम्म्याहून जास्त हाडांत, आणि रक्तात एक टक्काही नाही. रक्तातला आकडा घसरला तर काळजीचं, पण तो ठीक आहे म्हणून साठा भरलेला आहे असं म्हणता येत नाही. मूत्रपिंडं अधू असलेल्यांनी मात्र ही गोळी स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये, कारण जादाचं मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम तीच करतात. आणि माझ्यासारखी सकाळी थायरॉइडची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा.

मग साठ्यासाठी काय करायचं? मी वही घेऊन बसले. १४० मिग्रॅ मॅग्नेशियम घरच्या जिनसांतून किती रुपयांना पडतं? सगळीकडे कौतुक भोपळ्याच्या बियांचं. त्यांत १०० ग्रॅमला साडेपाचशे मिग्रॅच्या आसपास असतं, म्हणजे २५ ग्रॅम पुरतात. पण आमच्याकडे त्या ७०० रुपये किलो, म्हणजे साडेसतरा रुपये. गोळीपेक्षा महाग! तीळ ४० ग्रॅम लागतात, २४० च्या भावाने साडेनऊ रुपये. शेंगदाणे ८५ ग्रॅम, बारा रुपये, आणि एवढे रोज खाल्ले तर वजनाचं काय? ज्वारी मात्र सगळ्यांना मागे टाकते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत १३३ मिग्रॅ, बाजरीत १२४, नाचणीत १४६, आणि सडीक पांढऱ्या तांदळात फक्त १९. कोंडा आणि अंकुर गेला की मॅग्नेशियमही त्याच्याबरोबर जातं, मैद्याचंही तेच. ज्वारी आमच्याकडे ५० रुपये किलो. शंभर ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या पाच रुपयांत होतात, आणि त्या जेवणच आहेत, वरखर्च नाही. रात्रीचा भात काढून दोन भाकऱ्या केल्या की ११० मिग्रॅहून जास्त वाढ.

अन्नातलंही सगळं अंगी लागत नाही, साधारण ३० ते ४० टक्के लागतं. धान्य-कडधान्यांतलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला अडवतं. भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं, म्हणून मूग, मटकी, चवळी आमच्याकडे आता मोड आणूनच. पालेभाजी उकडून पाणी ओतून देणं मी बंद केलं, कारण मॅग्नेशियम पाण्यात उतरतं. आणि भोगीचं ताट आठवा: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हरभरा, पावटा, शेंगदाणे घातलेली लेकुरवाळी भाजी. 'न खाई भोगी, तो सदा रोगी' असं आजी म्हणायची. आमच्या घरी आता तीळ लावलेली भाकरी थंडीभर होते, सूनबाई पीठही स्वतः दळून आणते.

सध्या स्थिती अशी आहे. माझी गोळी बंद. ह्यांची पुढच्या तपासणीपर्यंत चालू, पण दुसऱ्या उत्पादकाची. तिच्या समोरच्या बाजूलाच 'मूळ मॅग्नेशियम' किती ते लिहिलंय आणि १४० मिग्रॅला साडेनऊ रुपये पडतात. जुन्या विकणाऱ्यांना मागच्या तक्त्याच्या फोटोबद्दल काल पुन्हा लिहिलं आहे. त्यांनी तो टाकला की इथे तसं नोंदवेन.