प्लेलिस्ट प्रमोशनच्या नावाखाली मला ७०,६०० ला गंडवलं, सॅक्स वाजवणाऱ्यांनी तरी वाचा

आधीच सांगतो, यात माझी पण चूक आहे आणि ती मी लपवणार नाहीये. तरी लिहितोय कारण गेल्या दोन महिन्यांत माझ्या ओळखीतल्या एका बासरीवाल्याला आणि एका गिटारवाल्याला मला आलेलाच मेसेज आलाय (पैसे द्या, ऑनलाइन प्लेलिस्टमध्ये तुमचं गाणं घालून ऐकणारे वाढवून देतो, असा), शब्द न् शब्द तोच, फक्त "तुमचा सॅक्सचा टोन" च्या जागी "तुमचा बासरीचा टोन".

मी आल्टो सॅक्स, म्हणजे सॅक्सोफोनचा एक प्रकार, वाजवतो. वडील साताऱ्यात बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे, घरात वाद्य होतं, हात बसला. पुण्यात येऊन पंधरा वर्षं झाली, पोट चालतं ते लग्नांवर. नवरीची एन्ट्री, वरमाला, संगीतच्या आधीचं कॉकटेल, कुठल्यातरी हॉटेलात संडे ब्रंच, लॅपटॉपवर मायनस वन (मूळ सुरावट काढलेला ट्रॅक) लावायचा आणि वाजवत राहायचं. सॅक्स म्हटलं की लोकांना मनोहारी सिंगांचे आरडीच्या गाण्यांतले पीस आठवतात, ते वाजवले की माना डोलतात, आणि मध्येच स्वतःचं काही वाजवलं की वेटरसुद्धा प्लेटा उचलायला लागतो. मला वेड स्मूथ जॅझचं, म्हणजे जॅझचा हलका, गुळगुळीत प्रकार. ग्रोव्हर वॉशिंग्टन, डेव्हिड सॅनबॉर्न हे त्यातले सॅक्सवाले ऐकत मी मोठा झालो. पण खरे जॅझवाले त्याला जॅझ मानत नाहीत, लिफ्टमधलं संगीत म्हणतात, आणि बाकीच्यांना केनी जीच्या पुढे एक नाव माहीत नसतं. म्हणजे ना घर का ना घाट का.

तर २०२४ च्या जुलैत स्वतःचा पहिला ट्यून काढला. साडेचार मिनिटांचा, साताऱ्याच्या पावसावरचा. कीबोर्डवाला मित्र फुकट बसला, बासवाल्याला दोन हजार, मिक्स आणि मास्टरचे बारा हजार, आणि एका डिस्ट्रिब्युटरकडून (गाणं सगळ्या ॲपवर चढवून देणारी कंपनी) सगळीकडे अपलोड. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत स्पॉटिफायवर १,३४० स्ट्रीम झाले, म्हणजे तितक्या वेळा ते वाजलं. हसू नका. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आहे की गेल्या १२ महिन्यांत गाण्याला १,००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याचा एक पैसाही मिळत नाही, त्यामुळे तो हजाराचा टप्पा ओलांडला तेव्हा मी घरी श्रीखंड आणलं होतं. त्यातले निम्मे स्ट्रीम नातेवाईक आणि विद्यार्थ्यांचे असतील, पण माणसांचे होते.

मग एका हॉटेलच्या मॅनेजरने विचारलं, "सर, मंथली लिसनर किती आहेत?" म्हणजे महिन्याभरात स्पॉटिफायवर किती वेगळ्या लोकांनी ऐकलं. मी म्हटलं साठ-सत्तर. तो "अच्छा" म्हणाला आणि नंतर फोनच उचलला नाही. आता हे सगळेच विचारतात, इव्हेंटवाले, फेस्टिव्हलवाले, वाजवणं ऐकायच्या आधी आकडा बघतात. तो "अच्छा" माझ्या डोक्यात बसला होता आणि त्याच आठवड्यात तो डीएम (खाजगी मेसेज) आला.

डीएम इंग्रजीत होता, पण फोनवर माणूस अस्सल मराठी निघाला. "सर तुमचा टोन ऐकला, अंगावर काटा आला, सॅनबॉर्नची आठवण झाली. आणि सर मी पण साताऱ्याचाच, राजवाड्याजवळचा." इथे मी अर्धा विरघळलो. तो म्हणाला प्रॉब्लेम वाजवण्यात नाही, पोचण्यात आहे, आमच्याकडे स्मूथ जॅझच्या प्लेलिस्टवाल्यांचं नेटवर्क आहे, आधी छोटं करून बघा, ३,५०० चं पॅकेज, रिझल्ट नाही आला तर पुढचं बोलायचंच नाही. छोट्या रकमेने सुरुवात करायची आणि रिझल्ट खरंच द्यायचा, ही त्याची खरी हुशारी.

कारण रिझल्ट आला. रोजचे १०-१२ स्ट्रीम होते ते तिसऱ्या दिवशी १,४०० झाले. मी रात्री दोनला उठून स्पॉटिफायचा आर्टिस्टवाला ॲप बघायचो. मग १४,००० चं दुसरं पॅकेज घेतलं आणि महिन्याभरात मंथली लिसनर ४१,००० वर गेले.

आता जे मला तेव्हाच दिसायला पाहिजे होतं ते सांगतो, कारण ॲप उघडाच होता आणि सगळं त्यातच होतं. पहिलं म्हणजे ग्राफ. खऱ्या गाण्याचा ग्राफ वर-खाली होतो, रविवारी चढतो, सोमवारी पडतो. माझा वर चढून टेबलासारखा सपाट झाला होता, रोज २,८०० च्या आसपास, सण नाही वार नाही. दुसरं शहरं. पुणे, मुंबई असायला हवं होतं, तर वर हेलसिंकी आणि फ्रँकफर्ट. मला वाटलं वा, युरोपात जॅझ ऐकतात लोक! तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेव्ह, म्हणजे गाणं आवडून स्वतःच्या लायब्ररीत ठेवणं. हजारो लोकांनी ऐकलं आणि सेव्ह केलं सहा जणांनी. फॉलोअर वाढले तीन. ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो, मशीनला (माणसांऐवजी गाणी वाजवत बसणाऱ्या प्रोग्रामला) तेवढंच पुरतं, पुढची चार मिनिटं मी कुणासाठी फुंकली होती देव जाणे. आणि ती प्लेलिस्ट मी एकदाच उघडून बघितली, नाव कॉफी आणि पाऊस टाइप, आत माझ्या आधी हेवी मेटल आणि माझ्या नंतर पंजाबी पार्टी साँग. मी बंद केली. बघायचंच नव्हतं मला.

चूक माझी पण म्हटलं ना, ती इथे आहे. तो ४१,००० चा आकडा मी बायोत टाकला आणि त्याच्यावर गोव्यात एप्रिलमध्ये एक सनडाउनर (सूर्यास्ताच्या वेळच्या पार्टीचा कार्यक्रम) मिळवला, एरवी घेतो त्याच्या दीडपट पैशात. म्हणजे त्याने मला जे विकलं तेच मी पुढे विकलं. माझा ट्यून वाजवला तेव्हा समुद्राकडे तोंड करून सगळे फोटो काढत होते. ड्रमवर एक साठीचे गोयंकार होते, ब्रेकमध्ये बियर घेता घेता मला म्हणाले, "तुजे चाळीस हजार लोक खंय रावतात रे?" म्हणजे कुठे राहतात. मी हसलो. घास मात्र गिळवेना.

तोपर्यंत तिसरा हप्ता गेलेला होता. मार्चच्या शेवटी त्याने "अमेरिकन स्मूथ जॅझ रेडिओ कॅम्पेन" म्हणून एक पीडीएफ पाठवली, काय डिझाइन होतं, सोनेरी सॅक्स वगैरे. ४५,००० अधिक १८ टक्के जीएसटी ८,१००, एकूण ५३,१००. तिसऱ्या पानावर स्टेशनांची यादी, न्यूयॉर्कचं सीडी १०१.९, शिकागोचं ९५.५, सॅन फ्रान्सिस्कोचं १०३.७. ही नावं मी लहानपणापासून वाचलेली, त्यामुळे डोळे मिटून यूपीआय केलं. बायकोला सांगितलं नाही.

मे महिन्यात डिस्ट्रिब्युटरचा मेल आला. तुमच्या गाण्यावर कृत्रिम स्ट्रीमिंग आढळलं आहे, गाणं सगळ्या स्टोअरवरून काढण्यात येत आहे, रॉयल्टी रोखली आहे आणि प्लॅटफॉर्मने लावलेला दंड तुमच्या खात्यातून वळता केला आहे. खरंतर स्पॉटिफाय हा दंड डिस्ट्रिब्युटरला लावतं, डिस्ट्रिब्युटर तो आपल्या माथी मारतो. वॉलेटमध्ये दोनशेच्या आत पैसे होते, ते मायनसमध्ये गेले. आणि खोट्याबरोबर माझे ते खरे १,३४० पण गेले, ज्यांनी सेव्ह केलं होतं त्यांच्या लायब्ररीत ते गाणं आता करड्या रंगात दिसतं, दाबलं तरी वाजत नाही.

त्या माणसाला फोन केला तर आधी "सर मी बघतो", मग "सर तुमच्या डिस्ट्रिब्युटरचा प्रॉब्लेम आहे", मग ब्लॉक.

त्या रात्री घरी सगळं सांगितलं. बायको एका दुकानाचे हिशोब बघते. तिने इनव्हॉइस हातात घेतलं आणि अर्ध्या मिनिटात म्हणाली, "अहो, पत्ता अंधेरीचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होतोय? महाराष्ट्राचा २७ असतो, ०७ दिल्लीचा." मग मोजले तर अक्षरं १४, असायला पाहिजेत १५. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून कुणालाही फुकट बघता येतं. ५३,१०० भरायच्या आधी तो कागद तिला एकदा दाखवला असता तर ही पोस्ट लिहावी लागली नसती.

दुसऱ्या दिवशी आतेभावाला फोन लावला, तो १९९९ पासून न्यू जर्सीत एडिसनला आहे. स्टेशनांची यादी वाचून दाखवली तर पहिल्याच नावाला थांबला. "अरे १०१.९? मी ऑफिसला जाताना गाडीत रोज तेच लावायचो. एके दिवशी सकाळी लावलं तर रॉक चालू! २००८ सालची गोष्ट आहे रे ती." मग बाकीची शोधली. शिकागोचं ९५.५ २००९ मध्ये स्पॅनिश झालं, सॅन फ्रान्सिस्कोचं १०३.७ त्याच वर्षी क्लासिक रॉक. म्हणजे मी बंद पडलेल्या स्टेशनांवर माझा ट्यून वाजवायला ५३ हजार दिले होते. स्मूथ जॅझचा एवढा अभिमान मिरवणाऱ्या माणसाला हे माहीत नसावं, याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटली.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली, पोर्टलवर पण टाकली. तिथे समजलं की पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता असते, मी गेलो दीड महिन्याने. चौकीत साहेबांना समजावताना तर घाम फुटला.

"म्हणजे त्यांनी गाणं ऐकवतो सांगितलं आणि ऐकवलं नाही?"

"नाही साहेब, ऐकवलं, पण माणसांना नाही."

"मग कोणाला?"

"मशीनला."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "आकडा मिळाला ना पण तुम्हाला?"

काय बोलणार. रेडिओचे ५३,१०० तेवढे त्यांना लगेच समजले, तक्रार त्याच्यावर घेतली. बाकीच्याचं काय होणार मला माहितीये.

ज्यांना अजून माहीत नसेल त्यांच्यासाठी, स्पॉटिफायच्या स्वतःच्या प्लेलिस्टमधली जागा कुणीही विकत देऊ शकत नाही. आर्टिस्टवाल्या ॲपमधून रिलीजच्या आधी आपलं आपण गाणं पाठवायचं, फुकट, किमान सात दिवस आधी पाठवलं तर फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी प्लेलिस्ट) तरी ते नक्की जातं. मला हे माहीतच नव्हतं, मी रिलीजच्या आदल्या रात्री अपलोड करून झोपलो होतो. आणि अमुक पैशात अमुक हजार स्ट्रीमची गॅरंटी कुणी देत असेल तर फोन ठेवा, खरा माणूस ऐकेल की नाही याची गॅरंटी त्याचा बापही देऊ शकत नाही.

बायोतला आकडा काढलाय. गोव्यातल्या त्या इव्हेंटवाल्याला फोन करून खरं सांगितलं, तो म्हणाला असू दे सर, सगळेच करतात, जे मला जास्त लागलं. ट्यून परत रेकॉर्ड करतोय, यावेळी सोप्रानो सॅक्सवर, जो आल्टोपेक्षा उंच सुराचा असतो.

गेल्या आठवड्यात बासरीवाल्याने त्याला आलेली पीडीएफ मला पाठवली. कंपनीचं नाव नवीन, सॅक्सच्या जागी सोनेरी बासरी, पत्ता आता ठाण्याचा. तिसरं पान उघडलं. सीडी १०१.९, न्यूयॉर्क. तुमच्याकडे आली असेल तर आधी तेच पान बघा, आणि स्क्रीनशॉट मला पाठवा, तक्रारीला जोडायचाय.