इसे की मेजी? जपानात एकच शिंतो देऊळ बघायचं तर

भाची जपानला चाललीये, म्हणते मामा एकच दिवस आहे शिंतो (म्हणजे जपानचा मूळ धर्म) देवळासाठी, इसे शहरातलं करू की टोकियोतलं मेजी?

खर्चाचं आधी. प्रवेश दोन्हीकडे फुकट. मेजी हाराजुकू स्टेशनच्या बाहेरच, दोन तासात उरकतं. इसेला नागोयाहून ट्रेनने दीडेक तास, टोकियोहून आलीस तर अख्खा दिवस गेलाच.

बघायला काय? इथे इसे गंडवतं बरं का, मुख्य देऊळ कुंपणाआड, फोटोला बंदी, छपराचं टोक तेवढं दिसतं. पण ते देऊळ दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं नवं बांधतात, मागचं 2013 ला झालं, पुढचं 2033 ला, म्हणजे लाकूड कोवळं आणि परंपरा हजाराहून जास्त वर्षांची. आपल्याकडे जुना दगड म्हणजे जुनं देऊळ, तिथे ते डोक्यातून काढावं लागतं. इसुझू नदीच्या काठावर उतरून थंड पाण्यात हात धुतले की अर्धं कळतं.

मेजी 1920 चं. देव कोण, तर जपान आधुनिक झाला त्या काळचा सम्राट मेजी आणि त्याची राणी! जंगलही माणसांनी लावलेलं, देशभरातून लाखभर झाडं आली. राजा, राष्ट्र आणि धर्म यांची मोट कशी बांधली ते इथे दिसतं, आणि रविवारी गेलीस तर एखाद्या लग्नाची वरातही.

पहिलीच ट्रिप, हाताशी वेळ कमी, आजचे जपानी बघायचेत तर मेजी. दुसऱ्यांदा जाणार असशील किंवा सुतारकामाचं वेड असेल तर इसेच, आणि तिथला आकाफुकु मोची (गोड बीनच्या पुरणाखालचा तांदळाचा मऊ गोळा) खाल्ल्याशिवाय परत येऊ नकोस.