जिंगदेझेनचा हाताने रंगवलेला गायवान: आठ महिन्यांनंतर

गेल्या हिवाळ्यात चिनी मातीच्या (पोर्सिलेनच्या) भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनमधल्या जिंगदेझेन शहरात गेले होते, तेव्हा हा घेतला. गायवान म्हणजे झाकणाचा, बिनकानाचा चहाचा कप. झाकण, वाटी आणि बशी असे तीन भाग. माझा १२० मिलीचा आहे, पांढऱ्यावर निळी कमळं. शांघायच्या घरी रोज सकाळी तो हातात असतो.

पहिले पंधरा दिवस नुसते चटके बसले. माझंच चुकत होतं, मी पाणी काठोकाठ भरत होते. वाटीचा काठ बाहेर वळलेला असतो तो धरण्यासाठीच. अंगठा आणि मधलं बोट समोरासमोर काठावर, तर्जनी झाकणाच्या मुठीवर. पाणी झाकण टेकतं त्याच्या खालीच थांबवलं की काठ फार तापत नाही. मग झाकण किंचित तिरकं करून बारीक फट ठेवायची आणि ओतायचं. पानं आत राहतात, गाळणी लागत नाही. म्हणून घेताना आधी काठ बघा, चित्र नंतर. सरळ काठाचा गायवान कितीही सुंदर असला तरी कपाटातच राहील.

चित्राबद्दल मात्र मला भरभरून बोलायचंय. हा निळा रंग कोबाल्टचा. न भाजलेल्या कोरड्या मातीवर कुंचल्याने लावतात तेव्हा तो काळपट दिसतो. वर झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा थर) चढवून साधारण १३०० अंशांच्या भट्टीतून निघाला की निळा होतो. कोरडी माती कुंचल्यातलं पाणी तिथल्या तिथे शोषून घेते, म्हणजे ओढलेली रेघ पुसता येत नाही. माझ्या कपावर एका पाकळीच्या टोकाला गडद ठिपका आहे, तिथे हात क्षणभर थांबला असणार. चहा मुरेपर्यंत मी तोच बघत बसते. दोन कमळं एकसारखी नाहीत. शेजारच्या फळीवरच्या छापील कपांवर सगळी अगदी तंतोतंत सारखी होती.

रंग झिलईखाली असल्यामुळे आठ महिने घासूनही तसूभर उतरलेला नाही. गुलाबी-हिरवी नक्षी असलेले गायवान बहुधा झिलईवर रंगवून कमी आचेवर पुन्हा भाजलेले असतात. बोट फिरवलं की रंगाचा उंचवटा जाणवतो. मैत्रिणीच्या तसल्या कपाची सोनेरी कड घासणीने निघून गेली. रोजच्या वापराला निळाच घ्या.

चहा: थिएग्वानयिन (चिनी ऊलाँग, म्हणजे अर्धवट आंबवलेला चहा) ५ ग्रॅम, उकळतं पाणी, पहिल्यांदा २० सेकंद, मग दर वेळी थोडं वाढवत जायचं. सहा-सात वेळा सहज निघतो. लाँगजिंग या हिरव्या चहाला ८० अंशांचं पाणी, आणि झाकण उघडं, नाहीतर पानं शिजतात. ओतल्यावर झाकण उलटं करून वास घ्या, अर्धा चहा तिथेच आहे. पोर्सिलेन वास धरून ठेवत नाही, त्यामुळे त्याच कपात दुपारी दार्जिलिंगही छान होतो. सीटीसीची (आपल्या नेहमीच्या दाणेदार चहाची) भुकटी मात्र फटीतून सरळ बाहेर येते.

आई महिनाभर आली होती. तिचा आल्याचा चहा पातेल्यातच झाला, पण कप हातात घेऊन म्हणाली, "ही चिनी माती? मग आपली लोणच्याची बरणी कसली?" नाव एकच, पण बरणी जाड आणि जड. हा कप खिडकीशी धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग गावावरूनच केओलिन हे या मातीचं जगभरचं नाव पडलं, हे सांगितल्यावर तिने तो दोन्ही हातांनी धरला.

खटकतं ते असं. झाकण एका बाजूला जरा डुलतं. वाटीच्या तळाच्या कड्याला झिलई नाही, तिथे चहाचे डाग बसतात. खायच्या सोड्याने निघतात. बशीतला खळगा उथळ आहे, उचलून नेताना वाटी सरकते. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या छंगदूकडे लोक गायवानातूनच पितात आणि बशीसकट उचलतात, त्यामुळे बोटं भाजत नाहीत. तसं प्यायचं असेल तर खोल खळग्याची बशी बघून घ्या. पुढच्या वेळी मी तीच शोधणार आहे, आणि शक्यतो १०० मिलीचा, कारण एकटीला १२० जास्तच होतो.