‘क्लासमध्ये बसते’ म्हणून गळ्यात मारलेली गाडी, आणि तिचे टायर

अमेरिकेत एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) सोलो स्पर्धांत, म्हणजे शंकू मांडलेल्या मार्गावर घड्याळाविरुद्ध गाडी पळवण्यात, नव्याने उतरणाऱ्याला गंडवण्याची रीत ठरलेली आहे. गाडी, सोबत टायरचा जादा सेट आणि ‘स्ट्रीट क्लासला (गाडीत मोजकेच बदल चालणारा गट) चालते, नंबर चिकटवा आणि पळवा’ हा शब्द. पैसे देऊन झाल्यावर एखादा स्पर्धक प्रोटेस्ट, म्हणजे नियमभंगाची तक्रार, करतो, तेव्हा खरं काय ते कळतं.

टायरमध्ये लोक जास्त फसतात, कारण बघणारा एकच आकडा बघतो: ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल याचा छापील आकडा, २००. स्ट्रीटला किमान तेवढं लागतं, हे त्याने ऐकलेलं असतं. टोयो आर८८८आर खपवायला गेलं तर साइडवॉलवरचा १०० लगेच दिसतो, म्हणून शहाणा विकणारा त्या वाटेला जात नाही. तो योकोहामा ए०५२ किंवा ब्रिजस्टोन आरई-७१आरएस दाखवतो. त्यावर २०० छापलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण टायर जुना झाला, पुन्हा पुन्हा तापून थंड झाला, की रबर कडक होतं. छापलेला आकडा तसाच राहतो.

म्हणून आधी टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, तीच टायर बनल्याची तारीख. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५वा आठवडा. पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो. ती बाजू आत असेल तर गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावा आणि बॅटरी मारून वाचा. चारही टायरचा वाचा. दोन नवे, दोन जुने ही जोडी नेहमीची आहे.

मग खाचांची खोली. जाहिरातीतल्या फोटोत गेज नेमका मधल्या खाचेत असतो. निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) कमी असलेली गाडी शंकूंमधून वळवली की पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा आधी संपतो. मध्ये ५/३२ इंच आणि खांद्यावर तार दिसायला लागलेली, असंही असतं. प्रत्येक खाचेत, टायर फिरवून तीन ठिकाणी मोजा. ड्युरोमीटरचा (रबराचा कडकपणा मोजणारं यंत्र) आकडा सावलीत थंड झालेल्या टायरवरच घ्या, उन्हात तापलेलं रबर मऊच दाखवणार. रबराला रसायनाचा वास येत असेल, म्हणजे ते मऊ करायला काही लावलं असेल, तर मोजायचीही गरज नाही.

गाडीतली लबाडी स्प्रिंगमध्ये आणि रिममध्ये असते. स्ट्रीटमध्ये शॉक बदलता येतात, पुढचा किंवा मागचा यांपैकी एक अँटी-रोल बार बदलता येतो, ब्रेक पॅड आणि कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मागचा एक्झॉस्टही. स्प्रिंग मात्र मूळच हव्यात. ‘फक्त शॉक टाकलेत’ म्हणणाऱ्याच्या गाडीखाली उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (शॉकवर स्प्रिंग बसवलेला संच) निघतात. रिमचा व्यास मूळपेक्षा एक इंच कमी-जास्त चालतो, रुंदी बदललेली चालत नाही. चाक काढून आतल्या बाजूला कोरलेलं वाचा: मूळ १७ बाय ७ असताना १७ बाय ८ निघालं, तर स्ट्रीट संपलं. ईसीयू (इंजिनचा संगणक) ट्यूनही चालत नाही. गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावायच्या स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) अपूर्ण दिसले, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. कशासाठी, ते विचारा.

‘सगळं कंपनीचंच आहे’ हे सर्वांत गोड वाक्य. त्याच मॉडेलच्या वरच्या पॅकेजमधले दोन-चार भाग उचलून लावले तरी ते कंपनीचेच असतात. नियमाला मात्र त्याच मॉडेल वर्षातलं पॅकेज पूर्ण लागतं. शिवाय काही मॉडेलांत पॅकेज बदललं की क्लासच बदलतो. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) घेऊन चालू वर्षाच्या रूलबुकमध्ये स्वतः बघा. भिंतीवरच्या ट्रॉफ्या एससीसीएच्या एखाद्या रिजनच्या (विभागाच्या) स्थानिक क्लासमधल्याही असू शकतात.

अशी गाडी पुढे स्ट्रीट टूरिंगमध्ये (जास्त बदल चालणारा गट) किंवा त्याहून वर जाते आणि तिथे पूर्ण तयारीच्या गाड्यांसमोर फक्त स्प्रिंग-रिमवर उभी राहते. दोन्हीकडून मार.

खाजगी विक्रीच्या कागदावर सहसा ‘आहे तशी’ एवढंच असतं, मग तोंडी आश्वासन सिद्ध करणं कठीण. स्प्रिंग मूळ, ईसीयू मूळ, रिमची रुंदी, चारही टायरचे कोड, हे विक्रीच्या कागदावर लिहून सही मागा. सही द्यायला तयार नाही पण किंमत उतरवतो, असा माणूस भेटला तर टायरची किंमत शून्य धरा आणि गाडीची वरच्या क्लासमधली.